रोबोचे डोळे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घमेल्यात रोबो धुतले.

वैशाखातली सकाळ. न्हाणीच्या दारात बायको पाटावर बसलेली, पुढं घमेलं, घमेल्यात साबणाचं पाणी आणि त्यात आठ करड्या रंगाची, अंगठ्याएवढी माणसं. माणसं म्हणजे यंत्राची माणसं. हात दातेरी, पाय पंपाच्या नळीसारखे, डोकी डब्यासारखी. एकाच्या खांद्यावर तर आख्खी म्हैस. जुन्या टूथब्रशनं ती एकेकाला घासत होती, आणि मी चांगल्या पाण्यातून काढून फडक्यावर ओळीनं मांडत होतो.

"अवं, ह्याच्या काखेत तेल हाय अजून," ती म्हणाली. "नीट बघा की. न्हाईतर रंग धरणार न्हाय, मग म्हणशीला हिनं धुतलं न्हाय."

"रोबोला काख असती व्हय?"

"असती. तुमच्यागत घाण असती."

हे रोबो शाहूपुरीतल्या एका पोरीचे. तिच्या आजोबांची गुळाची अडत, घरात कानडी बोलणं. पोरगी पुण्याला शिकली, परत आली आणि गुळाच्या गोदामाच्या माडीवर तिनं खेळांचं दुकान काढलं. पट मांडायचा, फासे टाकायचे, सोंगट्या हलवायच्या. लहान पोरांचं नाही, मोठ्या माणसांचं. मला आधी खरंच वाटेना. चांगली नोकरीधंद्याची माणसं संध्याकाळी येऊन पट खेळत बसतात? पण बसतात. भांडतातसुद्धा. तिथं तिनं स्वतःचा एक खेळ बनवला होता. पटावर आपलंच कोल्हापूर, पंचगंगेला पूर आलेला, आणि प्रत्येकानं आपापला रोबो घेऊन पाण्यात अडकलेली माणसं आणि जनावरं बाहेर काढायची. रोबो तिनं दुकानातल्या थ्री-डी यंत्रावर प्लास्टिकचे छापून काढले होते. रंगवायला माणूस पाहिजे होता. कुणीतरी तिला कुंभार गल्लीत आमच्याकडं पाठवलं. आमचा धंदा गणपतीचा, जन्म त्यात गेला. लहान वस्तूवर रंग कसा बसवायचा हे आम्हाला वेगळं शिकायला नको होतं. उंदीर रंगवतोच की आम्ही.

पोरीनं एक बजावून ठेवलं होतं. "काका, गरम पाण्यात धुऊ नका हं. वाकतात ते." आणि दुसरं म्हणजे, रोबोच्या डोक्याच्या पुढच्या बाजूला दोन गोल खळगे होते, त्यात लाल ठिपका द्यायचा. "दिवे आहेत ते."

माझ्या बायकोनं चष्मा कपाळावर चढवून एक रोबो नाकाजवळ धरला. "दिवे कशाला? डोळे काढू."

"काकू, रोबोला डोळे?"

"पुरात आम्ही माडीवर अडकलोतो. बॅटऱ्या लई जणांनी मारल्या आमच्यावर. ज्यानं आमच्याकडं बघितलं त्यानं नाव आणली. डोळेच काढणार मी."

पोरीच्या मावशीकडंही पाणी शिरलं होतं त्या साली. मान हलवून गेली.

आता ती 'काढणार मी' असं का म्हणाली, ते सांगायला पाहिजे. मूर्तीच्या कामात डोळ्याची आखणी सगळ्यात शेवटी असते आणि ती घरातल्या जाणत्या पुरुषानं करायची असते. आमच्या घरात ती करायची. कारण तिची चांगली व्हायची. दुसरं काही कारण नाही. गिऱ्हाईक मूर्ती ठरवायला आलं की पहिलं विचारायचं, "आखणी वहिनी करणार न्हवं?" माझं काम अंगाचा रंग, पितांबर, सोंडेवरची नक्षी. आणि मग बसायचं. म्हणजे असं, की ती ब्रश घेऊन मूर्तीजवळ बसली की मी समोर खाली जमिनीवर बसायचं, पूजेला घरचा माणूस जिथं बसतो तिथं. बुबुळ टेकवलं की ती मागं न बघता विचारायची, "बघतोय?" मी सांगायचं, "न्हाय. माझ्या कानाकडं बघतोय." ती चिमूटभर सरकवायची. "आता?" नजर जुळली की मी म्हणायचं, "बघतोय." मग पुढची मूर्ती. आमचा निम्मा संसार या दोन शब्दांवर चालला.

तर त्या सकाळी रोबो वाळले. तिनं एकेकाला सुताच्या रिकाम्या कांडीवर गोंदानं चिकटवलं, रंगवताना धरायला बरं म्हणून. कांड्या तिच्या माहेरच्या, कबनूरच्या. तिच्या बापाचे माग होते. बायका माहेराहून साड्या आणतात, हिनं पिशवीभर कांड्या आणलेल्या. आठवा रोबो, म्हशीवाला, चिकटवून झाला आणि ती चहा टाकते म्हणून आत गेली. आत भांडं पडलं. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "काय पाडलंस?"

उत्तर आलं नाही. मी बोललो आणि तिनं उलटं काही सुनावलं नाही, असं कधी झालं नव्हतं. म्हणून उठलो.

दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दिवस झाले, पाहुणे आले, गेले. रोबो फळीवर कांड्यांवर तसेच उभे, करडे. तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "आबा, ती खेळणी परत देऊन येतो. ती पोरगी समजून घेईल."

"ठेव तिथंच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून रंगवायला घेतले. आधी अस्तर. मग एकाला ट्रॅक्टरचा तांबडा, एकाला बोअरच्या गाडीचा निळा, म्हशीवाल्याला रोलरचा पिवळा. रंग पातळ करून हातावर हात द्यायचा, घट्ट रंग दिला की बारीक नक्षी बुजते. सांध्यांमधनं काळं पाणी सोडायचं, ते खाचेत जाऊन बसतं आणि अंग उठून दिसतं. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून कडांवरनं नुसता फिरवायचा, की लोखंड घासून घासून उघडं पडल्यासारखं दिसतं. हे मला पोरीनं मोबाईलवर दाखवलं होतं आणि मला आवडलं. सून मला मामा म्हणते. ती दारात उभी राहून म्हणाली, "मामा, रंगवताना रडतासा का हो?" म्हटलं, न्हाय, रंगात पाणी पडलं की रंग फुटतो. ती आत गेली आणि आत जाऊन तीच रडली.

अंगं झाली. डोळे राहिले.

मुलगा म्हणाला, "लाल ठिपका द्या आणि सोडा. तिनं सांगितलंच होतं तसं."

"तुझ्या आईनं डोळे सांगितलेत."

"आई सांगून गेली, काढणार कोण? तुमचा हात थरथरतोय आबा." मग जरा थांबून म्हणाला, "गणपतीच्या आखणीचंबी मी बघितलंय. कागलकडचा एक माणूस हाय. आषाढात येतो म्हणालाय."

"मला न विचारता?"

"विचारून काय करायचं होतं? शंभर मूर्त्या आंधळ्या ठेवायच्या?"

मुलगा माझ्यासारखाच तोंडाचा फटकळ आहे, त्याला दोष काय द्यायचा. पण कागलचा माणूस येऊन तिच्या पाटावर बसणार आणि आमच्या गणपतीला डोळे काढणार, हे मला गिळेना. मी त्याला सांगितलं, "आषाढात पोरीचा मेळावा हाय. पुण्याची, बेळगावची माणसं आपापले रंगवलेले संच घेऊन येणार हायेत. त्यात हे आठ मांडतो. लोकांच्या नजरेत डोळ्यांत खोट निघाली तर तुझा माणूस आण, मी चकार शब्द काढणार न्हाय."

"आणि न्हाय निघाली तर?"

"तर आखणी घरात."

"ठरलं," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं मी ठिपक्यावर येणार.

फुटक्या मूर्त्यांचे तुकडे मागच्या अंगणात होते, त्यांच्यावर हात बसवला. थरथर होती, खरं आहे. पण कोपर गुडघ्यावर टेकलं, करंगळी वस्तूला टेकली आणि श्वास धरला की थरथर ब्रशच्या टोकापर्यंत पोचत नाही. तिला असंच बसलेलं मी आयुष्यभर बघितलं होतं, ते असं कामाला आलं. मग रोबो घेतले. डोळा मोहरीएवढा. पांढरं, वरच्या पापणीची एक रेघ, बुबुळ, आणि बुबुळात पांढऱ्याचा एक कण. समोर बसायला कुणी नाही, म्हणून रोबो फळीवर ठेवायचा आणि मीच उठून जमिनीवर जाऊन बसायचं. बघतोय का? नाही? परत उठायचं. गुडघे बोलत होते. पण आठही जमले. शेवटचा झाला तेव्हा मी एकटाच खोलीत मोठ्यानं म्हणालो, "जमलं की गं!"

कांड्यांवरनं रोबो सोडवले आणि मुलगा मला गाडीवर मागं बसवून शाहूपुरीला घेऊन गेला. पोरीनं टेबलावर पट पसरून ठेवलेला. तिनं एकेक रोबो पुराच्या पाण्यात उभा केला. आम्ही भोवती उभे राहिलो.

आठही रोबो आपल्या पायांकडं बघत होते. एकही वर बघेना. चप्पल पाण्यात गेल्यासारखे सगळे खाली मान घालून उभे.

पोरीनं डोळ्याला ओढणी लावली. "काका," ती म्हणाली, "किती उदास आहेत हे. काकू गेल्या ते सगळं यांच्यात उतरलंय. असेच राहू दे. लोकांना भिडेल."

मुलगाही हळू आवाजात म्हणाला, "बरं झालंय आबा. खरंच." हा कधी हळू बोलत नाही.

मला असा राग आला म्हणता. "बरं कुठलं? माझी बायको मेली म्हणून रोबोनं मान खाली घालायची व्हय? बुडणाऱ्या माणसाला काढायला आलेत हे. ह्यांना बघून माणूस उलटा पाण्यात जाईल!"

"तसं नाही काका, कलेत..."

"कला न्हाय पोरी, चुकलंय. साफ चुकलंय."

आणि काय चुकलंय तेही मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. गणपती चौरंगावर बसतो, माणूस खाली बसतो. म्हणून गणपतीची नजर जरा खाली काढतात. जन्मभर आम्ही तीच नजर काढली. मी रोबो फळीवर ठेवून खाली बसून बघितलं, तिथनं ते माझ्याकडं चांगले बघत होते. पण पट टेबलावर पसरतात आणि माणसं वरनं वाकून बघतात. रोबोला कोण हात जोडून खाली बसणार? माझ्या दुःखाचा त्यात काही संबंध नव्हता. ती असती तरी असंच चुकलं असतं, कारण समोर बसून 'बघतोय' म्हणणारा मीच असतो. आणि मग खापर माझ्यावर फुटलं असतं, ते वेगळं. मला हसू आलं. पोरगी घाबरली, तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

सगळे परत घरी आणले. मेळावा चार दिवसांवर आलेला.

डोळे पुसून परत काढले, बुबुळं वर सरकवली. आता बघायला लागले वर, पण भीक मागितल्यासारखे. खालचं पांढरं दिसलं की डोळा केविलवाणा होतो. सोडवायला आलेला केविलवाणा असून कसं चालेल? ते पुसले. वरची पापणी उचलून बघितली, तर भूत दिसल्यासारखे झाले. तेही पुसले. मुलगा येता जाता बघत होता. कागलच्या माणसाला फोन झाला असणार, असं मला वाटत होतं.

मग डोक्यात आलं, डोळे सरळच असू देत. मानच उचलली तर? माणूससुद्धा वर बघायला आधी मान उचलतो.

पोरगी म्हणाली होती, गरम पाण्यात वाकतात. सुनेला म्हटलं, पाणी ठेव. वाटीत गरम पाणी घेतलं, रोबो उलटा धरून नुसतं डोकं आणि मान बुडवली, जरा वेळानं बाहेर काढून बोटानं हनुवटी वर केली आणि गार पाण्यात सोडली. मान तिथंच राहिली! रंग कुठं कुठं सुटला, तो परत भरला. निळ्याची मान जास्त वाकली, तो आकाशात विमान बघायला लागला. त्याला परत गरम केला. मुलगा दारात येऊन बघतच राहिला. "आबा, तुटलं म्हणजे?"

"तुटलं तर तुझा माणूस हाय की."

तो हसला नाही. पण खाली बसला आणि सातही संपेपर्यंत वाटी धरून बसला. आठव्याचं, म्हणजे पिवळ्याचं, काम नाजूक. खांद्यावर म्हैस. त्याची मान उचलली, म्हशीची नाही उचलली. म्हैस कुणाकडं बघत नसते.

मग डोळे. सरळ, मोठे, पापणीची रेघ जाड. या वेळी रोबो जमिनीवर ठेवले आणि मी वरनं वाकून बघितलं.

मेळाव्याच्या सकाळी पोरीनं पेटी उघडली. एक उचलला, दुसरा उचलला. "काका, माना? मी अशा नव्हत्या छापल्या."

"गरम पाण्यात घातल्या."

"अय्यो! मी नको म्हणाले होते ना!"

"म्हणून तर कळलं मला."

तिनं ते पटावर मांडले, वाकून बघितलं, आणि पटकन ताठ उभी राहिली. मग हसायला लागली. एवढंच. मला तेवढं पुरे होतं, पण ठरलेलं लोकांवर होतं.

हॉल मोठा होता, टेबलं मांडलेली. प्रत्येक रंगवलेल्या संचासमोर नुसता नंबर, रंगवणाऱ्याचं नाव नाही, आणि एक पत्र्याचा डबा. येणाऱ्या माणसाला एक लाकडी सोंगटी मिळायची, आवडलेल्या संचाच्या डब्यात टाकायची. मी फिरून सगळं बघितलं. खोटं कशाला सांगू, एकेक काम असं होतं की मी तोंडात बोट घातलं. पुण्याच्या कुणाचे तरी रोबो होते, त्यांच्या छातीवर आरशासारखं लखलखीत लोखंड, आणि सगळं नुसत्या रंगानं. ते कसं केलं असं मी पुटपुटलो, तर शेजारी उभ्या असलेल्या रंगवणाऱ्यानंच ते सांगितलं. मनात म्हटलं, गेलं आपलं.

मग आमच्या टेबलाजवळ जाऊन एका बाजूला उभा राहिलो. चार बेळगावकर खेळत होते. एक जाडसर गडी फासा टाकायचा, आकडा वाईट पडला की हळूच बोटानं उलटवायला बघायचा. दोनदा हात पुढं गेला आणि दोनदा मागं आला. शेवटी तो शेजारच्याला म्हणाला, "ए, ह्या पिवळ्याला तिकडं फिरव रे. सारखा माझ्याकडं बघायलाय."

"तू चोरी करायलास म्हणून बघायलाय!"

"आरं, खेळ हाय का पोलीस स्टेशन!"

सगळं टेबल हसलं. पलीकडच्यानं पिवळ्याला फिरवला, तर तो त्याच्याकडं बघायला लागला. त्यानं परत फिरवला. उठताना चौघांनीही सोंगट्या आमच्या डब्यात टाकल्या. मी मुलाकडं बघितलं. तो छताकडं बघत होता.

दुपारी डबे मोजले आणि पोरीनं माईकवर नंबर सांगितला. आमचा नंबर माझ्या ध्यानात नव्हता. मुलाच्या होता. तो जत्रेत हरवलेलं माणूस सापडल्यासारखा ओरडला, "आबा!" सगळा हॉल वळून बघायला लागला. मला वर नेलं, नारळाएवढा लाकडी फासा बक्षीस म्हणून हातात दिला. सोंगट्या टाकताना लोकांना ठाऊक नव्हतं की हे म्हाताऱ्याचं काम आहे, म्हाताऱ्याची बायको गेली आहे. कुणी माझ्यावर दया केली नव्हती. हे मला त्या फाशापेक्षा मोठं वाटलं.

पोरगी म्हणाली, "काका, दोन शब्द बोला."

मी चौथी शिकलेला माणूस, माईकपुढं कधी उभा राहिलेला नाही. म्हणालो, "डोळे काढायचे हे माझ्या बायकोनं ठरवलं. ती गेली. मग मी काढले, ते चुकले. पुसले, परत काढले, परत चुकले. आता बरोबर झालेत. टाळ्या वाजवा."

वाजवल्या. लई वाजवल्या. तो बेळगावचा जाड गडी तर उभा राहून वाजवत होता. बायको जाऊन दोन महिने नव्हते झाले आणि मला आनंद झाला, पोटापासून झाला, आणि त्याची मला लाज वाटली नाही. तिला असल्या ठिकाणी यायला आवडलं असतं. एवढ्या लोकांत माझा पांढरा सदरा चुरगळलेला आहे हे तिनं मोठ्यानं सांगितलं असतं.

गाडीवर मागं फासा मांडीवर घेऊन बसलो होतो. मुलगा पुढं बघत म्हणाला, "त्या कागलवाल्याला येऊ नको म्हणून फोन करायचा राहिला आबा. उद्या सकाळी येणार हाय तो."

"येऊ दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आंघोळ केली, कारखान्यात गेलो आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या गणपतीसमोर पाट ओढून बसलो. त्याचे दोन्ही डोळे काढून झाले आणि दारात मोटरसायकल थांबली. ब्रशांची पेटी काखेत घेऊन कागलचा माणूस आत आला. माझ्याहून जरा लहान, कपाळाला गंध, बोटांना रंग. आपल्यातलाच.

"या पावणं, बसा."

त्यानं पेटी खाली ठेवली आणि त्याचं लक्ष मूर्तीकडं गेलं. वाकला, डावीकडं झाला, उजवीकडं झाला. "हे कुणी काढलं?"

"मी."

"मग मला कशाला बोलावलंय?"

"नाष्ट्याला," मी म्हणालो, सुनेला हाक मारून दोन ताटल्या सांगितल्या, आणि पाट दुसऱ्या मूर्तीकडं सरकवला.